मागच्या सायकलीसाठी थांबणे

दिवाळी उलटली, पावसाने धुतलेले रस्ते वाळले की कोकणच्या किनारी रस्त्यावर सायकलस्वारांच्या टोळ्या दिसू लागतात. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मांडव्याला उतरायचे आणि किनारा धरून, जमेल तितक्या दिवसांत, रेड्डी किंवा त्याही पुढे गोव्यापर्यंत जायचे, हा बेत आता पुण्या-मुंबईतल्या कितीतरी मित्रमंडळींच्या ओळखीचा झाला आहे. सहा-आठ जण, कॅरिअरला लटकवलेल्या पिशव्या, दोन जादा ट्यूब, एक पंप. अलिबाग-रेवदंड्यापर्यंत ही मंडळी एका रांगेत, गप्पा मारत जातात. श्रीवर्धनच्या पुढे तीच टोळी चार-पाच किलोमीटरवर विखुरलेली असते. पुढचे दोघे जेट्टीवर पोहोचून दुसरा चहा संपवत असतात, मधले कुठल्याशा वळणावर पाणी पीत उभे असतात आणि शेवटचा कुठल्यातरी सड्यावर, म्हणजे कातळी पठारावर, एकटा सायकल ढकलत असतो. संध्याकाळी मुक्कामाला पोहोचल्यावर या विखुरण्याचा दोष बहुतेक वेळा त्या शेवटच्याच्या पदरात पडतो. त्याने सराव केला नाही, सामान जास्त आणले, गिअर नीट वापरत नाही. माझे म्हणणे असे आहे की दोष आखणीचा असतो. हा किनारा माणसांना पांगवतो, आणि तो का पांगवतो हे हिशेबाने सांगता येते. म्हणून इथे गट करून जायचे असेल तर थांबणे हा सहलीचा गाभा धरून आखणी करावी लागते. मागच्यावर केलेली मेहेरबानी म्हणून ते टिकत नाही.

देशावरच्या माणसाच्या मनात किनारा म्हणजे सपाटी असते. घाट उतरला की चढ संपले, अशी एक समजूत. प्रत्यक्षात सह्याद्रीच्या पायथ्यापासून समुद्रापर्यंतची जमीन ही बऱ्याच अंशी जांभ्याच्या सड्यांची आहे. हे सडे वरून टेबलासारखे दिसतात, पण सह्याद्रीतून निघालेल्या नद्यांनी ते आडवे कापून काढले आहेत, आणि पुढे समुद्राची पातळी चढल्यावर त्या नद्यांची तोंडे बुडून खाड्या झाल्या. उत्तरेकडून मोजत गेले तर धरमतर, कुंडलिका, राजपुरी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्रीची जयगड खाडी, रत्नागिरीजवळची काजळी, मुचकुंदीची पूर्णगड खाडी, जैतापूर, विजयदुर्ग अशी रांग लागते. लहान-सहान खाड्या आणि पऱ्हे वेगळेच. गाव, बंदर, नारळी-पोफळीची बाग खाली पाण्याच्या पातळीला आणि रस्ता एका गावाहून दुसऱ्या गावाला जाताना मधल्या सड्यावरून. म्हणजे प्रत्येक गावातून निघताना चढ आणि पुढच्या गावात शिरताना उतार. कुठलाच चढ घाटाएवढा लांब नाही, म्हणून नकाशा पाहताना तो नजरेत भरत नाही. पण शंभर मीटरचे सहा चढ एका दिवसात आले की वाईहून पसरणी घाटाने पाचगणी गाठल्याइतके चढणे होते. फरक एवढाच की पसरणी चढून गेलेला माणूस पाचगणीत वरच राहतो. किनाऱ्यावरचा दर चढानंतर पुन्हा शून्यावर येतो. कमावलेली उंची तो प्रत्येक खाडीत टाकून देतो.

आता या चढांवर गटाचे काय होते ते पाहू. सायकल, सामान आणि स्वार मिळून ८५ किलो वजन धरा. आठ टक्क्यांच्या चढावर, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर नेणाऱ्या रस्त्यावर, ताशी सहा किलोमीटरने जायला पायांतून साधारण १२० वॅट शक्ती लावावी लागते. हौशी माणूस ही शक्ती बराच वेळ लावू शकतो. त्याच्या सरावलेल्या मित्राची ताकद दीडपट, म्हणजे १८० वॅट समजू. सपाट रस्त्यावर पहिला ताशी २३-२४ किलोमीटरने जाईल, दुसरा २८ च्या आसपास. ताकद दीडपट असूनही वेगातला फरक पाचवा हिस्साच, कारण सपाटीवर खरा विरोध हवेचा असतो आणि वेग थोडा वाढवला की हवेचा विरोध त्याच्या कितीतरी पट वाढतो. वारा इथे बलवानाला रोखून धरतो. शिवाय दुबळ्याने बलवानाच्या मागच्या चाकाला चिकटून राहिले की त्याच्या वाट्याची हवा पुढचा कापतो आणि दोघे एकाच वेगाने जाऊ शकतात. अलिबागच्या रस्त्यावर टोळी एकत्र राहते त्याचे श्रेय मैत्रीपेक्षा हवेला जास्त आहे.

चढावर हे सगळे उलटते. तिथे विरोध वजनाचा असतो आणि वजनाच्या हिशेबात ताकद दीडपट तर वेगही दीडपट. १२० वॅटवाला सहाच्या वेगाने, १८० वॅटवाला नऊच्या. ताशी सहा किलोमीटरला हवा कापायला लागते जेमतेम दीड वॅट, तेव्हा पुढच्याच्या आडोशाने चालण्यात काही अर्थ उरत नाही. दीडशे मीटर उंचीचा, आठ टक्क्यांचा एक सडा घ्या. रस्त्याची लांबी पावणेदोन-दोन किलोमीटर. बलवान साडेबारा मिनिटांत वर, दुसरा पावणेएकोणीस मिनिटांत. एका सड्यावर सहा मिनिटांचे अंतर. तेवढाच रस्ता सपाट असता तर हे अंतर मिनिटभरही नसते. दिवसात असे पाच सडे आले की अर्धा तास, आणि तोही दोघांपैकी कोणी काही चुकीचे केलेले नसताना. मागे पडलेल्याने जिद्द दाखवली तर हा अर्धा तास भरून निघत नाही. उलट पहिल्या दोन चढांवर पुढच्यांची बरोबरी करायला गेलेला माणूस तिसऱ्यावर उतरून चालू लागतो, कारण स्वतःच्या मर्यादेपलीकडे खर्चलेली ताकद त्याच दिवशी परत येत नाही. सरावाने १२० चे १४० होतील, पण मित्राचेही तेवढ्यात वाढलेले असतात.

धुके या हिशेबात आणखी एक भर घालते, आणि कोकणातल्या धुक्याबद्दल परदेशी पुस्तकांतून आलेला सल्ला इथे उपयोगाचा नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर सायकलने जाणाऱ्यांसाठी बरेच लिहिले गेले आहे. तिथले धुके उन्हाळ्यातले. समुद्राच्या तळाकडचे गार पाणी वर येते, त्यावरून जाणारी दमट हवा गार पडून तिच्यातल्या बाष्पाचे धुके होते आणि ते धुके समुद्राकडून जमिनीवर येते. तिथले स्वार उत्तरेकडून दक्षिणेला जातात, कारण वारा पाठीशी असतो आणि वाहने उजवीकडून चालत असल्याने समुद्र त्यांच्याच कडेला असतो. आपल्याकडेही थंडीत दुपारचे खारे वारे वायव्येकडून येतात, म्हणून उत्तर-दक्षिण ही दिशा बरोबर. समुद्र मात्र रस्त्यापलीकडे राहतो, हे सोसायचे. धुके मात्र अगदी निराळे. ते डिसेंबर ते फेब्रुवारीचे, रात्री जमीन गार पडल्यावर जमिनीवरच तयार होणारे. रात्रभर सड्यांवरची थंड, जड हवा उतारावरून घरंगळत खाडीच्या खोलगटात जमते, तिथली ओल तिला मिळते आणि पहाटे खोरे दुधासारखे भरून जाते. आंबा बागायतदार या धुक्याला बिचकून असतो. मोहोरावर ते बसून राहिले की भुरी आणि करप्याची चिंता लागते. सायकलस्वाराला त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे: हे धुके खाली असते, वर नसते.

याचा परिणाम असा होतो की पहाटे गावातून धुक्यात निघालेला माणूस चढून सड्यावर येतो तेव्हा लख्ख ऊन असते. रस्ता वाळलेला, दूरवर दिसणारा, मन भरून येते. दोन-चार किलोमीटर सडा तुडवून पुढची उतरण सुरू होते, सायकल आपोआप ताशी चाळीसला जाते आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर पुन्हा धुके. डोळे उन्हाला सरावलेले, दवाने डांबर ओले, आणि वळणाच्या कडेला चिरेखाणीच्या डंपरमधून सांडलेली जांभ्याची बारीक खडी. ताशी चाळीस किलोमीटरला धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंतच दीड सेकंदात साडेसोळा मीटर जातात. उतारावर, ओल्या रस्त्यावर जपून ब्रेक लावला तर पुढे आणखी वीस मीटर. म्हणजे ३७ मीटर, आणि दाट धुक्यात तीस मीटरच दिसत असेल तर हिशेब संपला. वेग निम्मा, म्हणजे ताशी वीस केला तर तेच थांबणे चौदा मीटरच्या आत येते. रिम ब्रेकच्या सायकलीला ओल्या रिमवर पकड यायला चाकाचे एक-दोन फेरे जातात, तेही यात धरायला हवेत. उतारावर रांगेने, एकामागे एक चिकटून जाण्याची जी सवय सपाटीवर लागलेली असते ती इथे सरळ सरळ अपघाताची तयारी आहे: पुढच्याने ब्रेक दाबला हे मागच्याला धुक्यात कळायच्या आधी तो त्याच्यावर जाऊन आदळतो.

तेव्हा चढावर एकत्र जाता येत नाही आणि उतारावर एकत्र जाऊ नये. मग गट उरतो कुठे? सड्याच्या कडेला, उतरण सुरू होण्याआधीच्या त्या शेवटच्या सपाट जागी, आणि खाली जेट्टीवर. ज्याला या किनाऱ्यावर सोबत हवी आहे त्याने दिवसाची आखणी किलोमीटरवर करू नये, सडे आणि खाड्या मोजून करावी, आणि प्रत्येक सड्याला दोन थांबे आधीच ठरवून टाकावेत. शाळा, देवळाची कमान, एसटीचा थांबा, काहीही चालेल. पण जागा नावाने ठरलेली हवी. ‘वर भेटू’ हे सड्यावर निरर्थक आहे, कारण सडा मैलभर पसरलेला असतो आणि ‘वर’ म्हणजे नेमके कुठे हे प्रत्येकाला वेगळे वाटते. मोबाइलवर विसंबणारे हे सांगूनही ऐकत नाहीत. खाडीच्या खोलगटात रेंज जाते, आणि नेमके धुक्याच्या वेळी माणूस तिथेच असतो.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये हा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये १९०४ साली आंरी देग्रांजने, टूर द फ्रान्सच्याच जनकाने, ‘ऑदॅक्स’ पद्धतीच्या सफरी सुरू केल्या. त्यात सगळा गट एका कप्तानामागे ठरलेल्या वेगाने जातो, थांबतोही एकत्र. कप्तानाला ओलांडायचे नाही. पुढे १९२१ मध्ये मतभेद होऊन ऑदॅक्स क्लब पॅरिसियँने दुसरी वाट धरली: प्रत्येकाने आपल्या वेगाने जावे, मात्र ठरलेल्या नाक्यांवर ठरलेल्या वेळेत पोहोचावे. आज आपल्याकडे बीआरएम म्हणून जे ओळखले जाते ते या दुसऱ्या शाखेचे. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे किलोमीटर चाळीस तासांत. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत सायकलिंग वाढले त्यात बीआरएमचा वाटा मोठा आहे आणि तो चांगलाच आहे. शिस्त, दिवे, स्वतःची दुरुस्ती स्वतः करणे हे त्याने शिकवले. पण त्याच वळणाने मित्रांची किनारी सहलही घड्याळावर मोजली जाऊ लागली, आणि तिथे गोची झाली. चढावर दुसऱ्या शाखेचा स्वभाव योग्य, कारण कप्तानाचा एक वेग आठ टक्क्यांवर कुणालाच सोयीचा नसतो. थांब्यांवर मात्र पहिल्या शाखेची सक्ती हवी: सगळे आल्याशिवाय कोणी हलायचे नाही. या दोन्हींची सांगड घातली की या किनाऱ्याला जमणारी रीत मिळते.

यावर सरावलेल्यांचा आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. दर चढानंतर थांबले की पाय गार पडतात, लय तुटते, आणि पंधरा दिवसांची रजा काढून आलेल्या माणसाने अर्धा दिवस रस्त्याकडेला उभे का राहावे? पाय गार पडतात हे खरे. त्यावर उपाय आहे: सड्यावर पोहोचलेल्याने मोकळ्या सपाट रस्त्यावर हलके पायडल मारत पुढे जाऊन परत यावे, अंगावर वाऱ्याचे जाकीट चढवावे. बाकी आक्षेपाला उत्तर असे की थांबण्याचा त्रास खरे तर सरावलेल्यांना होतच नाही, मागच्याला होतो. पुढचे सहा मिनिटे बसून पाणी पितात, चिक्की खातात. मागचा धापा टाकत येतो, पाय टेकतो आणि तेवढ्यात पुढचे उठून पट्टे आवळू लागतात, कारण त्यांची विश्रांती झालेली असते. ज्याला सर्वांत जास्त विश्रांतीची गरज त्याला ती एकदाही मिळत नाही, दिवसभर. संध्याकाळी तो कोसळला तर आश्चर्य कसले? म्हणून माझ्या मते या सगळ्यात एकच नियम कधीही सोडू नये: थांब्याची वेळ शेवटचा पोहोचला की सुरू होते. पाच मिनिटे म्हणजे त्याच्या पायडलवरून पाय उतरल्यापासूनची पाच मिनिटे. पुढच्यांची विश्रांती अकरा मिनिटांची होईल. होऊ द्यावी.

दुसरा उपाय सुचवला जातो तो मागून येणाऱ्या गाडीचा. सामान गाडीत, दमला तो गाडीत, पंक्चर झाली तर गाडीत. आजारपणात, पडझडीत गाडीचा उपयोग आहे, आणि मोठ्या वयाच्या गटाने ती ठेवली तर त्यात काही गैर नाही. पण गटाला एकत्र ठेवण्याचे साधन म्हणून तिच्याकडे पाहिले की ती गटाची फोड करते. मागच्याला रोज दुपारी टपावर सायकल टाकून नेले की तो सहलीत नसतो, सामानात असतो. शिवाय आंजर्ल्याकडच्या किंवा हेदवी-तवसाळच्या अरुंद रस्त्यावर सहाच्या वेगाने चढणाऱ्या सायकलीमागे रेंगाळणारी गाडी धुक्यात इतर वाहनांची वाट अडवते. त्याऐवजी सामान वाटून घ्यावे, जो बलवान त्याच्या कॅरिअरवर जास्त: दहा किलो इकडचे तिकडे केले तर चढावरचे अंतर बरेच कमी होते, आणि ते वजनाच्या त्याच हिशेबाने होते जो आधी मांडला. मोटर बसवलेल्या सायकलीबद्दल काही मंडळी नाक मुरडतात. मला ते पटत नाही. साठीच्या मावशीला किंवा गुडघा दुखणाऱ्या मित्राला तिने आठच्या वेगाने सड्यावर आणले तर गटाचेच भले.

धुक्यासाठी उशिरा निघावे, असेही म्हटले जाते. थंडीतले धुके नऊच्या सुमाराला विरते हे बरोबर. पण नऊला निघाले तर अकरापासून सड्यावरचे ऊन डोक्यावर. जानेवारीतही दुपारचा पारा तिशीच्या वर जातो, आणि सड्यावर सावलीला झाड नसते, फक्त काळाकुट्ट कातळ तापत असतो. यावर मार्ग मुक्कामाच्या जागेत आहे. मुक्काम खाली खाडीकाठी करावा आणि पहाटे, मागचा लाल दिवा लावून, चढानेच दिवसाची सुरुवात करावी. चढावरचा वेग एवढा कमी की धुक्यात आपल्याकडून अपघात होत नाही. सांभाळायचे ते मागून येणाऱ्या वाहनाला, म्हणून दिवा. न्याहारी सोबत घेऊन ती सड्यावर करावी. घावणे थंड झाले तरी चटणीबरोबर जातात. सगळे जमेपर्यंत, खाणे होईपर्यंत पुढच्या खोऱ्यातले धुके फाटायला लागते आणि उतरण मोकळी मिळते. म्हणजे मागच्यासाठी थांबणे आणि धुक्यासाठी थांबणे एकाच अर्ध्या तासात बसते. अनुभवी माणसांच्या आखणीत हे आपसूक आलेले असते. नव्यांनी ते मुद्दाम करावे.

अशा थांबण्याने दिवसाला पन्नास-साठ किलोमीटरच होतील, मग आठवड्यात गोवा कसा गाठणार? नाही गाठणार. दाभोळ ते रत्नागिरी एवढाच तुकडा घ्यावा. गुहागर, हेदवी, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, आरे-वारे हा पट्टा नकाशावर शंभर किलोमीटरच्या आत आहे आणि तीन दिवस पुरतो. पुढच्या वर्षी रत्नागिरी ते विजयदुर्ग. त्या वाटेवर कशेळीच्या सड्यावरचा कातळात कोरलेला हत्ती आहे. कोकणातल्या कातळशिल्पांचा युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत २०२२ साली समावेश झाला, पण ती पाहायला रस्ता सोडून कातळावर चालत जावे लागते आणि मुक्काम गाठण्याच्या घाईत असलेला गट ते कधीच करत नाही. सडा म्हणजे दोन उतरणींमधला कंटाळवाणा तुकडा असे ज्यांना वाटते त्यांनी तो पाहिलेला नसतो.

आणि मग फेरीबोट. मांडव्याहून रत्नागिरीपर्यंत आज चार ठिकाणी सायकल बोटीत चढवावी लागते: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळची वाहने नेणारी फेरी २००३ साली सुरू झाली. त्याआधी वाहन घेऊन गुहागरला जायचे म्हणजे चिपळूणचा वळसा. सायकलवाल्यांत फेरी म्हणजे वेळेचा खोळंबा असे म्हणणारे आहेत. गटाच्या दृष्टीने पाहिले तर तिच्याइतका पक्का थांबा दुसरा नाही. लोखंडी झडप खाली पडते, दुचाक्या एका कडेला, मोटारी मध्ये, आणि पुढचे-मागचे सगळे त्या एका फळीवर पंधरा-वीस मिनिटे उभे. पुढच्याने घाई केली तरी बोट त्याच्यासाठी आधी सुटत नाही. माणसाने पाळायचा नियम इथे पाणीच पाळून घेते.

या फेऱ्यांच्या जागी आता पूल येणार आहेत. रेवस ते रेड्डी हा सागरी महामार्ग अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना, १९८० नंतरच्या काळात, कल्पिला गेला आणि चाळीस वर्षे तुकड्या-तुकड्यांत रखडला. बाणकोट खाडीवरच्या पुलाचे काम वर्षानुवर्षे अर्धवट पडून राहिले. रस्ते विकास महामंडळाच्या नव्या योजनेत धरमतर, आगरदांडा, बाणकोट, केळशी, दाभोळ, जयगड अशा खाड्यांवर मोठे पूल आहेत. सायकलवाल्यांच्या मौजेसाठी ते होऊ नयेत असे म्हणणे क्रूरपणाचे ठरेल. रात्री शेवटची फेरी गेल्यावर दवाखान्यात न्यायचा रुग्ण ज्याच्या घरात आहे त्याला विचारावे. पूल हवेत. पण पुलाने सडा नाहीसा होत नाही; उलट खालून होड्या जाव्यात म्हणून पूल उंच बांधला की समुद्रसपाटीवरच्या त्या एकमेव सपाट जागीही एक चढ-उतार येतो, आणि तोही भर वाऱ्यात, महामार्गाच्या वेगाने धावणाऱ्या वाहनांशेजारी. खाडीवरचे पहाटेचे धुके पुलावरही असणारच. म्हणून दोन गोष्टी आत्ताच, पूल उभे राहण्याआधी, मागायला हव्यात. एक, प्रत्येक पुलावर वाहनांपासून कठड्याने वेगळी केलेली पायी आणि सायकलने जाणाऱ्यांची पट्टी. ती शाळकरी पोरांना आणि मासळी घेऊन बाजाराला जाणाऱ्या बायांना आमच्यापेक्षा जास्त लागेल. दुसरी, पुलाच्या दोन्ही तोंडांशी रस्त्याबाहेर पाय टेकायला एक सपाट, सावलीची जागा, पाण्याच्या नळासह. जेट्टीवरची टपरी पूल झाल्यावर उठणार; ती तिथे हलवता आली तर उत्तम.